बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून सावकाश वाचन आणि खरं संशोधन करून घ्यायचं कसं? (विषय : १९७२ चा दुष्काळ)

इतिहास_तालुका यांचा प्रश्न :

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय, बी.ए. द्वितीय वर्ष, इतिहास, ६० विद्यार्थी. या सत्रात प्रत्येकाने 'आपल्या तालुक्यातला १९७२ चा दुष्काळ' यावर प्रकल्प करायचा आहे. गुण ५०, मुदत १० आठवडे, आठवड्याला ४८ मिनिटांच्या दोन तासिका.

अडचण सगळ्यांच्या ओळखीची आहे. विषय जाहीर झाला की संध्याकाळपर्यंत फोनवर प्रश्न टाकून प्रकल्प तयार होतो. भाषा गुळगुळीत, शुद्धलेखन बरं, पण तालुक्याचं नाव खोडून दुसरं लिहिलं तरी एक ओळ बदलावी लागणार नाही असा मजकूर. आठ पानांचा लेख हातात दिला तर दुसऱ्या पानावर मुलं थांबतात आणि 'सर, याचा सारांश कुठे मिळेल?' असं विचारतात. ही मुलं आळशी नाहीत. लांब मजकुरात टिकून राहायला त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

मला चार गोष्टींवर नेमकी मदत हवी आहे. वर्गात वाचन कसं घ्यावं? तालुक्याच्या पातळीवर कोणती साधनं खरोखर हाताला लागतात? एआयवर बंदी घालावी का? आणि ६० जणांचं काम एकट्याने तपासायचं कसं?

---

पानोपान :

सर, सगळ्यात आधी विषय लहान करा. 'तालुक्यातला दुष्काळ' हा विषय इतका ऐसपैस आहे की त्याचं उत्तर कुठलंही यंत्र देऊ शकतं : कारणं, परिणाम, उपाययोजना, समारोप. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर एका जागी लिहिलेलंच नसावं. नमुने देतो :

'आपल्या गावचा पाझर तलाव कोणत्या वर्षी आणि कोणत्या खात्याने केला, मजुरी रोजावर होती की मापावर?'
'१९७१ आणि १९८१ च्या जनगणनेत आपल्या गावची लोकसंख्या शेजारच्या चार गावांच्या तुलनेत कशी बदलली?'
'जून १९७२ ते जून १९७३ या काळात आपल्या प्राथमिक शाळेतून किती मुलांचे दाखले काढले गेले?'

चौघांचे १५ गट करा. गटाचं गाव एक, पण प्रश्न चौघांचे चार. म्हणजे साधनं वाटून घेता येतात, उत्तर उतरवता येत नाही.

आता पहिले दोन आठवडे. या काळात कुणालाही स्वतःच्या प्रश्नाला हात लावू देऊ नका. सगळ्या वर्गाला एकच प्रश्न द्या : 'महाराष्ट्राची रोजगार हमी योजना कधी सुरू झाली?' दिसायला एका शब्दाच्या उत्तराचा प्रश्न. मुलं वर्षं घेऊन येतील आणि ती जुळणार नाहीत. कुणी साठच्या दशकातलं वर्ष आणेल, कारण या योजनेचे जनक वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला जो प्रयोग केला तो तेव्हाचा. कुणी १९७२ आणेल, कारण राज्यभरासाठी योजना आली ती तेव्हा. कायद्याच्या नावात १९७७ आहे. त्याच कायद्याचा क्रमांक मात्र १९७८ चा विसावा. आणि तो अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. ही सगळी वर्षं फळ्यावर लिहून 'बरोबर कोणतं?' असं विचारू नका. 'हे वर्ष नेमकं कशाचं आहे?' असं विचारा. प्रयोग, योजना, विधेयक, कायद्याचा क्रमांक, अंमल : या पाच वेगळ्या घटना आहेत हे मुलांना स्वतः शोधून काढू द्या. पहिल्या सापडलेल्या उत्तरावर का थांबू नये हे मग तोंडाने सांगावं लागत नाही. माझ्या मते या एका सरावावर चार तासिका गेल्या तरी चालतील, इतका तो मोलाचा आहे.

एक जोड हवी असेल तर तुमच्या पगारपत्रकावरची व्यवसाय कराची ओळ दाखवा. १९७५ चा तो कर याच योजनेला पैसा उभा करण्यासाठी आला. पन्नास वर्षांपूर्वीचा निर्णय आजच्या कागदावर दिसतो तेव्हा मुलं कागदाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

गुणांची वाटणी अशी ठेवा : टिपणकार्डं १५, शोधवही १०, तोंडी परीक्षा १०, अंतिम लेखन १५. अंतिम लेखन १२०० शब्दांपेक्षा जास्त नको. ५० पैकी ३५ गुण वाटेवरच्या कामाला असले की आयता मजकूर आणून फायदा उरत नाही. शोधवहीत रोजची नोंद चार रकान्यांत : तारीख, कुठे पाहिलं, काय शोधलं, काय मिळालं किंवा मिळालं नाही. दर शुक्रवारी सही. मागच्या तारखांच्या नोंदी एकदम लिहिलेल्या असतील तर त्या आठवड्याचा गुण नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

---

ग्रंथपाल_ब_वर्ग :

साधनांबद्दल लिहिते. मुलांना काही सापडत नाही याचं अर्धं कारण म्हणजे ती चुकीचा शब्द शोधतात.

पहिली गोष्ट, सरकारी कागदात 'दुष्काळ' शोधू नका, 'टंचाई' शोधा. १९६३ मध्ये महाराष्ट्राने कायदा करून आपल्या कायद्यांतून इंग्रजी 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागी 'स्कॅर्सिटी' आला. त्यामुळे १९७२-७३ च्या कागदांवर टंचाई निवारण, टंचाईची कामं, टंचाईग्रस्त गावं असेच मथळे असतात. वर्तमानपत्रं मात्र सर्रास दुष्काळच म्हणतात. दोन्ही शब्दांनी शोधायचं.

दुसरी गोष्ट जिल्ह्याची. १९७२ मध्ये राज्यात २६ जिल्हे होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं आणि १९८२ मध्ये वेगळं झालं. जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत. हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत, नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यात, वाशीम त्याच वर्षापर्यंत अकोल्यात. लातूरच्या मुलाने 'लातूर जिल्हा १९७२' असं शोधलं तर हाती काही लागणार नाही, आणि एआयला विचारलं तर ते नसलेल्या जिल्ह्याबद्दल छान परिच्छेद लिहून देण्याचीच शक्यता जास्त. त्यात आता औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आहे. शोधवहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकाने आपल्या गावाची १९७२ ची ओळख लिहावी : तेव्हाचा जिल्हा, तेव्हाचा तालुका, इंग्रजी स्पेलिंगचे सगळे प्रकार.

तिसरी गोष्ट, पैसेवारी. पिकाचा अंदाज सांगणारा हा सरकारी आकडा जुन्या माणसांच्या तोंडी आणि जुन्या बातम्यांत 'आणेवारी' म्हणून येतो. रुपयाचे १६ आणे, म्हणून 'सहा आणे पीक' म्हणजे ३७.५ पैसे. मुलं सहा आण्यांचे सहा पैसे करतात आणि पुढचा सगळा हिशेब कोसळतो.

आता जागा. जनगणनेची जिल्हा पुस्तिका जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर मिळते, १९७१ ची स्कॅन प्रत असते. गावांची यादी तालुकावार. गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळं असू शकतं, आणि एकाच नावाची बुद्रुक-खुर्द अशी दोन गावं असली तर हमखास गल्लत होते. गावाचं क्षेत्रफळ जुळवून बघा, ते सहसा फारसं बदलत नाही.

शाळेचं जनरल रजिस्टर हे फार चांगलं आणि फार दुर्लक्षित साधन आहे. त्यात दाखला काढल्याची तारीख आणि कारण असतं. मुख्याध्यापकांना प्राचार्यांचं पत्र द्या, मुलांनी फक्त संख्या मोजावी, एकाही विद्यार्थ्याचं नाव किंवा जात उतरवू नये. हा नियम लेखी द्या. ग्रामपंचायतीच्या जुन्या ठराव वह्याही बघण्यासारख्या असतात. कामावरच्या मजुरांचे हजेरीपट मिळतील अशी आशा धरू नका, असले कागद काही वर्षांनी नष्ट करतात.

माहितीचा अधिकार वापरायचा असेल तर अर्ज पहिल्या आठवड्यातच गेला पाहिजे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. सहाव्या आठवड्यात अर्ज केला तर उत्तर प्रकल्प संपल्यावर येईल. 'दुष्काळाची सर्व माहिती द्या' असा अर्ज फुकट जातो. 'अमुक गावच्या पाझर तलावाचं काम सुरू झाल्याचा आणि पूर्ण झाल्याचा दिनांक' असं एकच मागावं.

वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली जिल्ह्याच्या मोठ्या वाचनालयात असतात. वर्षभराचे अंक चाळायला लावू नका, मुलं तिसऱ्या दिवशी सोडून देतात. तीन पंधरवडे ठरवून द्या : ऑगस्ट १९७२ चा उत्तरार्ध (खरीप हातचा गेल्याचं तेव्हा कळतं), जानेवारी १९७३ चा पूर्वार्ध (रब्बीची अवस्था) आणि मे १९७३ चा पूर्वार्ध, जेव्हा कामावरच्या मजुरांची संख्या राज्यात शिखरावर, ५० लाखांच्या आसपास पोचली होती. एका फायलीवर दोघं. एक पान उलटतो, एक लिहितो. बोटाला थुंकी लावायची नाही, पान वरच्या उजव्या कोपऱ्यातून उचलायचं, फ्लॅश बंद. फोटो काढताना आधी वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसेल असा एक, मग बातमीचा. सुटा फोटो घरी गेल्यावर कुठल्या अंकाचा ते कुणालाच सांगता येत नाही. बातमी ज्या तारखेला छापली आणि ज्या तारखेची आहे, त्या दोन्ही लिहा. तालुक्याच्या बातम्या तेव्हा पोस्टाने जायच्या, त्यामुळे दोन-चार दिवसांचा फरक असतो.

पुढच्या वर्षी १८९६-९७ चा दुष्काळ घेणार असाल तर आणखी एक अडचण येईल. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी 'झालें', 'केलें', 'गांव' असं लिहीत. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर स्कॅन केलेल्या पुस्तकात शब्द सापडत नाही, आणि जोडाक्षरं संगणक चुकीची वाचतो ते वेगळंच. अशा वेळी शोधखिडकी विसरून अनुक्रमणिकेवरून पान गाठणं हाच खात्रीचा मार्ग.

---

वाचनतास :

मी फक्त पहिल्या प्रश्नाबद्दल बोलेन, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. टिकून वाचणं हे वेळेने वाढवायचं असतं. पहिल्या आठवड्यात १५ मिनिटं मूक वाचन, मग २०, २५, आणि चौथ्या आठवड्यात ३०. पहिल्याच दिवशी ४० मिनिटं बसवलं तर मुलं नुसती डोळे फिरवतात, आणि त्यांना वाटतं की आपल्याला वाचता येत नाही.

मजकूर कागदावर द्या. अक्षर १३ पॉइंट, उजवीकडे ६ सेंटिमीटर मोकळी जागा, दर पाचव्या ओळीला क्रमांक. ओळक्रमांकाने फार फरक पडतो : 'लेखक म्हणतो' ऐवजी 'ओळ २५ मध्ये म्हटलंय' असं बोलायची सवय लागते. फोन बंद करून वर्गातल्या एका कपाटात. खिशात सायलेंटवर ठेवलेला फोन चालणार नाही, हात जातोच.

सुरुवातीला मराठी विश्वकोशातली दुष्काळावरची नोंद घ्या. विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचं नाव आणि संदर्भ असतात, त्यामुळे 'हे कोण सांगतंय?' हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता येतो. त्यानंतर रोजगार हमी अधिनियमाची पहिली दोन पानं. कायद्याची भाषा जड आहे, आणि म्हणूनच ती घ्यावी. तिथे 'साधारण कळलं' चालत नाही. 'अकुशल शारीरिक काम' म्हणजे काय आणि काय नाही, यावर एक तासिका सहज जाते.

तीन वाचनं. पहिलं पेन न घेता. दुसरं पेन घेऊन, पण एका पानावर पाचच अधोरेखनं. मर्यादा नसली तर मुलं सगळं पान पिवळं करतात, म्हणजे काहीच निवडत नाहीत. तिसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक वाक्य, स्वतःच्या शब्दांत, मूळ मजकूर पालथा घालून. पालथा घालणं महत्त्वाचं आहे. समोर असला की शब्द तेच येतात, नुसता क्रम बदलतो.

शब्द अडला तर आधी संदर्भावरून अंदाज समासात लिहायचा, मग दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश बघायचा. तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. १९३० च्या दशकातला कोश असल्याने सरकारी योजनांतले नवे शब्द त्यात नसतील, पण शेती आणि महसुलाचे जुने शब्द भरपूर आहेत.

ज्यांना वाचनच जड जातं त्यांना सोपा सारांश देऊ नका. तोच मजकूर द्या, फक्त एक पान. जोडीने मोठ्याने वाचू द्या, एकाने वाचायचं, दुसऱ्याने परिच्छेद संपल्यावर सांगायचं. सारांश दिला की तो मुलगा कायमचा सारांशावर राहतो, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

---

इतिहास_तालुका :

फार उपयोगी. दोन शंका. १) कार्डं हाताने लिहून घ्यायची की फोनवर चालतील? २) प्रत्येकी २५ कार्डं धरली तर १५०० होतात. तपासायची कशी?

---

पानोपान :

कार्ड पाच बाय तीन इंचाचं, हाताने. एका कार्डावर एकच माहिती. डाव्या वरच्या कोपऱ्यात साधनाची खूण (व-१ वर्तमानपत्र, ज-१ जनगणना, मु-१ मुलाखत), उजव्या कोपऱ्यात पान किंवा तारीख. मूळ शब्द जसेच्या तसे असतील तर अवतरणचिन्हात, स्वतःचे असतील तर शेवटी 'स्व'. ही खूण विसरली की लिहिताना उसनं कोणतं आणि आपलं कोणतं ते कळत नाही. चोरीचे बरेच प्रकार मुळात इथल्या गबाळेपणातून होतात.

तपासणीसाठी प्रत्येकाची तीन कार्डं न बघता काढा, १८० होतील. प्रत्येकावर एकच परीक्षा : कार्डावरच्या खुणेवरून मूळ जागा दोन मिनिटांत दाखवता येते का? तिन्ही दाखवली तर पूर्ण गुण. हे तोंडी परीक्षेतच उरकतं.

एआयबद्दल : पहिले सात आठवडे बंद, आठव्या आठवड्यात वर्गातच उघडा. प्रत्येकाने आपला प्रश्न विचारायचा, उत्तरातली दहा वाक्यं छापून घ्यायची आणि प्रत्येक वाक्यासमोर आपल्या कार्डांच्या आधारे लिहायचं : जुळतं, जुळत नाही, किंवा आधार सापडत नाही. पुस्तकाचं नाव दिलं असेल तर ते ग्रंथालयाच्या सूचीत आहे का ते बघायचं. नसलेली पुस्तकं आणि नसलेले लेखक ही यंत्रं अगदी ठामपणे सांगतात. हे काम आठव्याच आठवड्यात का, तर तोवर मुलाकडे तपासायला स्वतःचं काहीतरी असतं. पहिल्या आठवड्यात हाच सराव घेतला तर ते यंत्राचं उत्तर दुसऱ्या यंत्राच्या उत्तराशी ताडून बघतात.

'हा मजकूर एआयचा आहे का' हे ओळखण्याचा दावा करणारी साधनं वापरू नका. ती भरवशाची नाहीत आणि एखाद्या मेहनती मुलीवर खोटा आळ येऊ शकतो. तोंडी परीक्षेत सगळं कळतं.

---

माळरान :

हाताने लिहिलेल्या कार्डांच्या सक्तीशी मी सहमत नाही. ज्या मुलांचं अक्षर संथ आहे किंवा दिसायला त्रास होतो त्यांच्यासाठी फोनवर टंकलेली टिपणं चालवावीत, खुणा त्याच ठेवून. खरा धोका टंकनात नसून फोटोत आहे. दोनशे फोटो काढले की काम झालं असं वाटतं आणि ते कुणी वाचत नाही. नियम असा करा : ज्या फोटोचं टिपण त्याच दिवशी झालं नाही तो मोजायचा नाही.

मुलाखतींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. १९७२ मध्ये कामावर गेलेली माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. 'दुष्काळ कसा होता?' विचारलं की 'लई हाल झाले' एवढंच उत्तर येतं. विचारायचं असं : कामावर किती वाजता निघायचात? खडी फोडायचात की माती वाहायचात? मुकादम माप कसं घ्यायचा? पगार किती दिवसांनी? सुकडी (कामावर वाटलं जाणारं पौष्टिक खाणं) कुठे मिळायची, कुणाला मिळायची? मिलोची (परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची) भाकरी कशी व्हायची? जनावरं विकली की छावणीत नेली? बाईमाणसांना विचारायला मुलींनाच पाठवा, आणि घरातले पुरुष उत्तरं देऊ लागले तर थांबून पुन्हा आजींकडे वळा.

नेहमीची गफलत म्हणजे वर्षांची. पुढच्या दुष्काळांतल्या आठवणी बहात्तरच्या नावावर येतात. म्हणून वर्ष विचारू नका. 'तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? थोरला मुलगा केवढा होता? शाळेत कितवीला होतात?' यावरून वर्ष काढा. एक मुलाखत ४० मिनिटांच्या आत, परवानगी आधी आणि तीही ध्वनिमुद्रणात. पूर्ण लिप्यंतर मागू नका, एका तासाच्या बोलण्याला चार-पाच तास लागतात. महत्त्वाची दहा मिनिटं शब्दशः, उरलेल्या भागाची मिनिटवार नोंद. आवाजाचं आपोआप लेखन करणारी ॲप्स बोलीला अडखळतात, 'बंडिंग', 'ताली', 'हाबरेट' असल्या शब्दांचं काहीही करतात. ऐकून हातानेच दुरुस्त करावं लागतं.

---

इतिहास_तालुका :

शेवटचं विचारतो. दहा आठवडे शोधूनही एखाद्याला काहीच सापडलं नाही तर?

---

ग्रंथपाल_ब_वर्ग :

तर त्याने 'काही नाही' याचा पुरावा द्यायचा आणि पूर्ण गुण घ्यायचे. पण 'मिळालं नाही' एवढं लिहून चालणार नाही. अमुक वाचनालयात, अमुक दैनिकाचे १ ते १५ मे १९७३ चे अंक पाहिले, त्यातले ४ आणि ९ तारखेचे अंक फायलीत नव्हते, उरलेल्यांत गावाचं नाव नाही, तालुक्याचं दोनदा आलं, असं नेमकं हवं. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी मग तेच अंक पुन्हा चाळणार नाही, जे दोन नव्हते ते दुसऱ्या वाचनालयात शोधेल. सगळ्या शोधवह्या विभागाच्या कपाटात गाववार लावून ठेवा आणि नव्या तुकडीला पहिल्या आठवड्यात आधी त्याच वाचायला द्या.